मला न झालेला गुप्तरोग

मला जो आजार झाला तो उजव्या अंडकोषाचा. शब्द पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण हा शब्द तोंडातून निघेना म्हणून माझे दोन दिवस वाया गेले.

मागच्या महिन्यात आमच्या प्रतापनगरातले एक मास्तर संध्याकाळी माझ्याकडे आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, तुम्हाला पूर्वी तसं काहीतरी झालं होतं म्हणे. तीन दिवसांपासून अंगात ताप, खाली सूज, आणि हा शिकलेला माणूस घरात हळदीचा लेप लावून बसला होता. बायकोला सांगितलं होतं की पाठ धरली आहे. मी त्यांना तसंच स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. परत येताना मला इतका राग आला की घरी येऊन वही काढली. इतक्या वर्षांनीही माणसं त्याच जागी अडखळतात, आणि तिथंच बेपर्वा डॉक्टरचं फावतं.

*

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. मी बत्तीस वर्षांचा होतो. आमचं घराणं उमरेडकडचं, विणकरांचं. वडिलांनी शेवटपर्यंत माग चालवला. मी मात्र मागावर बसलो नाही. विणकरांच्या एका संस्थेची लुगडी-धोतरं गावोगावच्या दुकानदारांना दाखवायची, ऑर्डरी घ्यायच्या, हे माझं काम. महिन्यातले दहा-बारा दिवस वणी, वरोरा, हिंगणघाट अशी फिरती. मुक्काम लॉजवर. नागपूरला पाचपावलीत भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं बायको शांता आणि तीन वर्षांची मुलगी मीना.

वरोऱ्याला एका दुकानात गादीवर बसून लुगड्यांचे पदर उलगडून दाखवत होतो, तेव्हा भर उन्हाळ्यात हुडहुडी भरली. चार-पाच दिवसांपासून लघवीला जळजळ होत होती. उन्हाचं असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. उठायला गेलो तर उजव्या बाजूला अशी कळ आली की दुकानदारानं माझ्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि मला खांबाला टेकवून बसवलं. नागपूरपर्यंत बसमध्ये उभा राहून आलो. जागा रिकामी होती, पण बसवत नव्हतं.

घरी सांगितलं की कंबर भरून आली आहे. शांता दोन दिवस वीट तापवून कंबर शेकत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाय फाकवून मोरीकडे जाताना तिनं पाहिलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, काय झालं ते दाखवा, नाही तर मी शेजारच्या काकाजीला बोलावते. मी दाखवलं. तिनं मीनाला शेजारी ठेवलं आणि रिक्षा बोलावली.

*

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. मोठा होता, तिथं डॉक्टरकीची मुलं शिकत.

मोठ्या डॉक्टरांभोवती सहा-सात विद्यार्थी उभे होते. पडदा अर्धाच होता, आणि पलीकडे रांग. डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं. मी ओरडलो. काम काय करता, त्यांनी विचारलं. फिरतीचं, मी म्हणालो. मुक्काम कुठं? लॉजवर.

एवढ्यावर त्यांचं निदान झालं. विद्यार्थ्यांकडे वळून ते इंग्रजीत काही बोलले आणि मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "बाहेर तोंड मारलं की घरी हे घेऊन यावं लागतं."

दोघं-तिघं हसले. पडद्यापलीकडेही कुणीतरी हसलं. मी म्हणालो, साहेब, मी असलं काही केलेलं नाही. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. जळजळ कधीपासून, ताप कधी आला, लघवी कशी होते, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. कागदावर लिहिलं, रक्त आणि लघवी तपासायला पाठवायला सांगितलं ते केवळ रिवाज म्हणून, आणि शांताला आत बोलावलं.

तिला म्हणाले, तुमच्या मिस्टरांनी बाहेरून आजार आणला आहे. तुम्हीही रक्त-लघवी देऊन जा. मुलीला यांच्या टॉवेलला हात लावू देऊ नका.

शांतानं माझ्याकडे पाहिलं नाही. बाकड्यावरची पिशवी उचलली आणि नर्सनं दाखवलेल्या दिशेला चालू लागली. माझ्या आजारातला सगळ्यात वाईट क्षण कुठला, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगतो. पुढं पू काढायला चिरा दिला तो दिवससुद्धा याच्यापुढे हलका होता.

*

वॉर्डात मला शेवटची खाट मिळाली, संडासाच्या भिंतीला लागून. माझा पाण्याचा मगा वेगळा, त्यावर लाल रंगाचा पट्टा. रोज सकाळी राउंडला माझा कागद मोठ्यानं वाचला जायचा, त्यामुळे दोनच दिवसांत सगळ्या वॉर्डाला माझा 'रोग' माहीत झाला. झाडूवाला खाटेखाली झाडायचा नाही. एका रोग्याची बायको माझ्यासमोरून जाताना पदर नाकाला लावायची. असल्या रोगाचा वास येतो, असं तिला कुणी सांगितलं असेल कोण जाणे. आणि समजा, मला खरंच तो रोग झालेला असता, तरी माणसाला असं वागवायचं असतं का? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. मी तो नव्हेच, एवढंच ओरडून सांगावंसं वाटत होतं. आता सुचतो.

शेजारच्या खाटेवर हुडकेश्वरचे दौलतराव होते, साठीचे. अंडवृद्धीचं ऑपरेशन झालेलं. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं. त्यांची तिथं वांग्या-टमाटरांची वाडी होती. पहिल्या दिवशी मी कण्हत होतो, तर त्यांनी आपला टॉवेल घडी करून कसा खाली घ्यायचा, दोन्ही टोकं मांड्यांवर कशी टाकायची, म्हणजे ओझं लोंबत नाही, हे मला करून दाखवलं. निम्मी कळ तिथंच थांबली. डॉक्टरांपैकी कुणी हे सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो, दौलतराव, मी तसला माणूस नाही. ते म्हणाले, "रोग कुठूनबी येते गा. आधी सूज उतरू दे, मंग माणूस कसा आहे ते पाहू."

सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिनची सुई चालू होती. ताप उतरेना. पाचव्या दिवशी सूज मोठ्या वांग्याएवढी झाली, कातडी ताणून चकाकायला लागली. पांघरुणाचा स्पर्शही नको व्हायचा. मी राउंडला धीर करून म्हटलं, साहेब, या औषधानं फरक नाही पडून राहिला. ते म्हणाले, डॉक्टर तुम्ही की मी? लहान डॉक्टर मागं राहून मला समजावून गेला की कदाचित ती बाजू काढून टाकावी लागेल, पण एकावरही भागतं. मी त्याला लघवीच्या रिपोर्टचं विचारलं. तो म्हणाला, आला असेल तर साहेब पाहतील.

शांता पहिले तीन दिवस डबा घेऊन आली. ठेवायची, उभी राहायची, जायची. चौथ्या दिवशी तिचा भाऊ सखाराम डबा घेऊन आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"भाऊजी, ताईले अन् पोरीले मी उमरेडले घेऊन जाऊन राहिलो."

मी म्हणालो, सखाराम, मीनाची शपथ घेऊन सांगतो.

"पोरीची शपथ नका घेऊ," तो म्हणाला. "एवढा मोठा डॉक्टर खोटं काहून बोलन?"

मलाही ते कळत नव्हतं. सात वर्षांचा संसार एका पारड्यात आणि परक्या माणसाची दोन वाक्यं दुसऱ्या पारड्यात, आणि वाक्यं जड झाली होती. तो डबा ठेवून गेला. मी तो उघडला नाही. दौलतरावांनी उघडला आणि मला जबरदस्तीनं दोन घास खायला लावले.

*

नवव्या दिवशी सकाळी पांढऱ्या कोटातल्या एक बाई वॉर्डात आल्या आणि खाटेचे नंबर वाचत थेट शेवटपर्यंत आल्या. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. त्या प्रयोगशाळेतल्या सोनटक्केबाई. त्यांनी माझा रिपोर्ट चौथ्याच दिवशी लिहून ठेवला होता, वर लाल पेन्सिलीनं खूण करून. वॉर्डातून तो न्यायला कुणी आलंच नाही. निदान झालेलं होतं, मग रिपोर्ट कशाला हवा? त्या दिवशी माझीच लघवी पुन्हा तपासायला गेली आणि बाईंना पहिला कागद खणात तसाच सापडला.

त्यांनी खाटेला टांगलेला तक्ता पाहिला आणि मला विचारलं, हेच औषध अजून चालू आहे? मी हो म्हणालो. आणखी काही न विचारता त्या लहान डॉक्टरकडे गेल्या. मोठे डॉक्टर ऑपरेशनला होते. ते आल्यावर पाहू, असं तो म्हणत होता. बाई त्याच्या टेबलापाशी उभ्याच राहिल्या. माझ्या जंतूंवर पेनिसिलिन चालतच नाही, असं त्या कागदावर चौथ्या दिवसापासून लिहिलेलं होतं. शेवटी त्यानं सही केली आणि दुपारपासून दुसरी सुई सुरू झाली.

नव्या सुईच्या तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पण तोवर आत पू झाला होता. चिरा देऊन तो काढावा लागला. बाजू काढली नाही, एवढं नशीब. नंतर ती आक्रसून सुपारीएवढी राहिली.

*

चालता यायला लागलं तेव्हा सोनटक्केबाईंनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. मला नक्की काय झालं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होतो, ते त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

आधी नुसता गुलाबी धूर दिसला. बाईंनी चाक फिरवलं आणि गोल गोल थेंब उमटले, प्रत्येकाच्या आत तीन-चार पाकळ्यांचा गडद गोळा. काही थेंबांच्या पोटात बारीक काड्या होत्या.

"हे थेंब म्हणजे तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी," बाई म्हणाल्या. "पू म्हणतात तो यांचाच. काड्या दिसतात ते जंतू. पेशी त्यांना गिळतात आणि गिळता गिळता मरतात. तुम्ही दवाखान्यात यायच्या आधीपासून त्या हेच करत होत्या."

मी विचारलं, आणि तो रोग? त्या म्हणाल्या की त्या रोगाचे जंतू जोडीजोडीनं असतात, दोन घेवड्याच्या बिया समोरासमोर ठेवाव्यात तसे. इथं एकही जोडी नव्हती. काड्यांचे हे जंतू सगळ्यांच्याच आतड्यांत असतात. "तुमच्या, माझ्या, मोठ्या डॉक्टरांच्याही," त्या म्हणाल्या. उन्हात पाणी कमी प्यायचं, बसच्या प्रवासात तासन्‌तास लघवी दाबून धरायची, अशानं ते मूत्राशयात जोर धरतात आणि तिथून नळीवाटे खाली अंडकोषापर्यंत उतरतात.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलो नाही. पुरुषाचं बीज वयात आल्यावर तयार होऊ लागतं, त्यामुळे या पांढऱ्या पेशींना ते लहानपणापासून ओळखीचं नसतं. त्या त्याला परकं समजू शकतात. म्हणून शरीरानं तिथं जणू भिंत घातलेली असते, ती पेशींना आत मोकळं फिरू देत नाही. दुखणं लांबलं की ती भिंत फुटते. पेशी जंतू मारायला आत घुसतात आणि त्या धुमाळीत आपल्याच बीजावरही उठू शकतात.

मी विचारलं, चौथ्या दिवशी हे औषध मिळालं असतं तर?

"भिंत वाचली असती, असं मी लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पाच दिवस फुकट गेले, एवढं लिहून देते."

आणि त्यांनी खरंच लिहून दिलं. मराठीत, मला वाचता येईल असं. खाली सही केली. नोकरी करणाऱ्या बाईनं मोठ्या डॉक्टरविरुद्ध तेव्हा सही करणं म्हणजे काय, ते नोकरी केलेल्यांना कळेल.

*

दुसऱ्या दिवशी राउंडला मी तो कागद मोठ्या डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी वाचला, माझ्या केसपेपरवरची जुनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि पेनचं टोपण लावलं.

मी म्हणालो, "साहेब, पहिल्या दिवशी तुम्ही मोठ्यानं बोलले होते. आता बी मोठ्यानंच सांगा."

ते म्हणाले, दुरुस्ती केली आहे. आणि शेजारच्या खाटेकडे वळले.

मग मी उभा राहिलो. पायजम्याची नाडी एका हातात, कागद दुसऱ्या हातात, आणि सोनटक्केबाईंचा एकेक शब्द वाचला. 'गुप्तरोगाचे जंतू आढळले नाहीत' ही ओळ दोनदा वाचली. दौलतरावांच्या खाटेपाशी डॉक्टर पाठमोरे उभे होते. विद्यार्थी जमिनीकडे पाहत होते. वाचून झाल्यावर वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकावरून कुणीतरी म्हणालं, "इकडं आयकू नाही आलं गा, पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. डॉक्टरांनी माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, घरी सोडताना दाखल्यावर सही केली तेव्हाही नाही.

*

शांता पंधराव्या दिवशी आली. मी उमरेडला पोस्टकार्ड टाकलं होतं. सखाराम खाली थांबला, वर आला नाही.

सोनटक्केबाईंनी निरोप ठेवला होता की शांता आली की दोघांनीही प्रयोगशाळेत यावं. पहिल्या दिवशी शांतानं दिलेलं रक्त आणि लघवी त्यांनी तपासली होती. रक्तात काही नव्हतं. लघवीत मात्र काड्या होत्या. बाईंनी तिला विचारलं, जळजळ होते का?

शांता म्हणाली, होते.

"कधीपासून?"

"मीना झाली तवापासून."

तीन वर्षं. मी तिच्या शेजारी उभा होतो. म्हणालो, "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमी म्हणले, धने-जिऱ्याचं पाणी पी."

मला आठवलं. मी वणीला न्यायचा गठ्ठा बांधत होतो आणि मान वर न करता तसं बोललो होतो.

बाईंनी तिला गोळ्या लिहून दिल्या, पुन्हा कधी तपासायचं ते सांगितलं. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर बसलो. शांतानं परक्या माणसाचं ऐकलं आणि माझं ऐकलं नाही, हे तिला कसं सुनवायचं याची तयारी मी अकरा दिवस केली होती. आताच जे ऐकलं होतं, त्यानंतर मी गप्प बसायला हवं होतं. पण राग इतका साचला होता की मी बोललोच. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "डॉक्टरनं तुमाले काही इचारलं नाही, म्हून तुमाले एवढा राग आला. मले तर घरच्या माणसानंबी नाही इचारलं."

ती रडली नाही. सखारामला वर बोलवा म्हणाली, तुमचं सामान न्यायचं आहे.

*

आम्हाला पुढं मूल झालं नाही. दोन वर्षांनी मी सोनटक्केबाईंकडे जाऊन बीज तपासून घेतलं. फार थोडं होतं, आणि जे होतं ते एकमेकांना चिकटलेलं. रक्तातल्या पेशींनी एकदा वैर धरलं की असं होतं, त्या म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांचा मला अजून राग आहे, तो कमी करायचा मी प्रयत्नही केलेला नाही. तुमच्यावर असा प्रसंग आला तर दुखणं त्याच दिवशी सांगा. लघवी तपासायला गेली का ते विचारा, आणि त्याचा कागद कुणी वाचला का तेही विचारा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सखारामला मुलगा झाला तेव्हा आम्ही बारशाला उमरेडला गेलो. घर बायकांनी भरलेलं होतं. बाळ हातोहात फिरत होतं. शांताची पाळी आली तर तिच्या मावशीनं बाळ वरच्यावर उचललं आणि पलीकडे दिलं. एकीवर थांबलेली बाई, अजून कूस उजवत नाही, तिच्या हाती कायले द्यायचं, असं काहीतरी ती पुटपुटली. शांताला कुणाकुणाचे गंडे-दोरे सुचवून झाले होते, ते मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं ती ऐकून घेत होती आणि माझ्या दुखण्याबद्दल तिनं एक शब्द बाहेर काढला नव्हता.

मी पुरुषांच्या बैठकीतून उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "मावशी, दोष शांतात नाही, माझ्यात आहे. माझ्या अंडकोषाले दुखणं झालं होतं, त्यानं बीज मेलं. कोणाले काही म्हणायचं असंल तर मले म्हणा."

एका म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. बैठकीत सखाराम पानाला चुना लावत होता, तो तसाच थांबला.

शांतानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, मावशीच्या पलीकडे बसलेल्या बाईपाशी गेली, दोन्ही हात पुढं केले आणि बाळ घेतलं.